आमच्या थडग्यांवर दगड का नाहीत?

जात पडताळणीचा अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलाला वंशावळीचे शपथपत्र भरावे लागते. अर्जदार, बाप, आजा, पणजा, चुलते, चुलत चुलते. आमच्यापैकी अनेकांनी वस्तीतल्या पोरांना हा कागद भरायला मदत केली आहे. आजोबांपर्यंत पेन सरळ चालतो आणि पणजोबांपाशी थांबतो. मग पोरगा घरी फोन लावतो, बाप आत्याला विचारतो, आत्या गावाकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारते. पणजोबाचे नाव कधी मिळते, कधी नुसते टोपणनाव मिळते. पणजीचे नाव बहुतेक वेळा मिळतच नाही. कागदही ते मागत नाही.

अशाच एका दिवशी शेजारी बसलेले एक गृहस्थ सहज म्हणून गेले, "आमच्या अकरा पिढ्या नाशिकच्या गुरुजींच्या वहीत लिहिलेल्या आहेत. तुमच्या लोकांनी काही जपूनच ठेवलं नाही." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण हे वाक्य आम्ही अनेकांच्या तोंडून, अनेक ठिकाणी ऐकले आहे. वाईट याचे वाटते की आता आमचीच पोरे ते बोलू लागली आहेत. "आपल्याकडे कुठे काय आहे? ना वही, ना थडगे, ना दगड." म्हणून या वाक्याला एकदा नीट उत्तर द्यायचे आम्ही ठरवले.

आधी वहीबद्दल. नाशिकला रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या आहेत, हे खरे आहे. कोणत्या गावचा कोण, कोणाचा मुलगा, कोणाच्या श्राद्धासाठी आला, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असते. अशा वह्यांच्या मायक्रोफिल्म काढून परदेशातल्या वंशावळ संस्थांनी जपल्या आहेत. पण वहीत नाव कोणाचे चढते? यजमानाचे. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, ज्याची सावली चालत नाही, तो यजमान कसला? त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० पासून आमचे बापजादे काळाराम मंदिराच्या दारात उभे होते. पाच वर्षे सत्याग्रह चालला आणि दार उघडले नाही. ज्यांना दारात उभे करत नव्हते, त्यांना वहीत नाव का नाही म्हणून विचारणे म्हणजे ज्याला विहिरीवर चढू दिले नाही त्यालाच 'तुझी घागर कोरडी का?' असे विचारणे आहे.

दगड काय सांगतो आणि कोणाचे सांगतो

आता दगडाकडे येऊ. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो दफनभूमीत जाण्याचा. थडग्यावरचा दगड वाचा, जन्म-मृत्यूच्या तारखा उतरवून घ्या, कोणाशेजारी कोण पुरले आहे ते पाहा. दगड कुठल्या बाजूला उभा आहे, यावरूनही धर्म कळतो. ख्रिस्ती परंपरेत प्रेताचे डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला असतात, पुनरुत्थानाच्या दिवशी उठताना तोंड उगवतीकडे असावे म्हणून. डोक्याशी दगड. मुसलमानांत मृताचे तोंड किब्ल्याकडे करतात. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, म्हणून कबर दक्षिणोत्तर असते, डोके उत्तरेला. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठी मजकूरही कोरलेला सापडतो. लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. माती प्रत्येक धर्माची एकच आहे. तिच्यात माणसाला कसे ठेवायचे आणि वर काय लिहायचे, याचे नियम मात्र वेगवेगळे आहेत.

आमच्याकडेही पुरण्याचीच चाल होती. आजही म्हातारी माणसे अंत्ययात्रेला जाताना 'मातीला चाललो' म्हणतात. जाळायला लाकूड लागते, लाकडाला पैसा लागतो. म्हणून महार, मांग, चांभार आणि कितीतरी गोरगरीब जातींत प्रेत पुरत. ओढ्याच्या काठची, कोणाच्या उपयोगाची नसलेली जमीन. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काटे आणि चार धोंडे. चार पावसाळ्यांत उंचवटा बसतो, ओढ्याला पूर आला की धोंडेही जातात.

म्हणजे आमच्याकडे थडगी नव्हती असे नाही. थडग्यावर नाव नव्हते. का नव्हते?

थडग्यावर नावाचा दगड उभा राहायला चार गोष्टी लागतात. आपली म्हणता येईल अशी जागा लागते. दगड घडवून घ्यायला पैसा लागतो. त्यावर कोरायला अक्षर लागते. आणि पुढच्या पिढीला तो दगड जपण्याची मुभा लागते. जातिव्यवस्थेने आमच्याकडून या चारही गोष्टी काढून घेतल्या. अक्षराला बंदी, धनसंचयाला बंदी, जमिनीला बंदी, गावात डोके वर काढायला बंदी. मग दगड कुठून येणार? तेव्हा जिथे दगड नाही तिथे इतिहास नाही असे कोणी म्हणू नये. दगड नसणे हाच तिथला इतिहास आहे. कुटुंबाचा शोध घेणाऱ्याने ती रिकामी जागाही पुरावा म्हणून वाचली पाहिजे.

आणि हे कोणाच्या बाबतीत झाले ते पाहा. गावगाड्यात महाराचे काम काय होते? गावाची शीव सांभाळायची. शिवेचा दगड कुठे होता, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, हे महार सांगायचा आणि दोन गावांच्या भांडणात त्याची साक्ष मानली जायची. गावात कोणी मेले तर परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन महारच जायचा. सरणाची लाकडे वाहायचे काम त्याचेच. मढ्यावरचे कापड हा त्याचा 'हक्क' म्हणायचे. म्हणजे साऱ्या गावाच्या मरणाची खबर ज्याच्या पायांनी पोचली, साऱ्या गावाच्या सीमेचे दगड ज्याच्या डोक्यात पक्के होते, त्याच माणसाच्या स्वतःच्या मातीवर एक खुणेचा दगड नाही. आणि वर त्यालाच ऐकवायचे, 'तुम्ही काही जपले नाही'! अहो, तुमचे सगळे आम्हीच तर जपले.

दोन दगड

आमच्या वाट्याला आलेले दोन दगड सगळ्यांना माहीत आहेत. दोन्ही नीट वाचले पाहिजेत.

पहिला पंढरपूरचा. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असताना भिंत कोसळली आणि चोखामेळा तिच्याखाली मजुरांबरोबर गाडले गेले. साल १३३८. कथा अशी सांगतात की, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून नामदेवांनी ओळखली आणि पंढरपूरला आणून समाधी बांधली. कथा बाजूला ठेवा, समाधीची जागा पाहा. महाद्वारासमोर, पायरीपाशी, बाहेर. संत म्हणून मोठेपण मान्य, पण आत जागा नाही. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर मंदिर अस्पृश्यांना उघडले, तोवर सहाशे वर्षे त्यांच्या जातीचे वारकरी या दगडापर्यंतच येऊ शकत होते. दगडावर काय लिहिले आहे याइतकेच तो कुठे ठेवला आहे यालाही महत्त्व असते, ते यासाठी.

आणि तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. चौदाव्या शतकातले हे एक महार कुटुंब आज आपल्याला नावानिशी माहीत आहे. चोखामेळा, बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. त्या काळातल्या किती सरदार घराण्यांतल्या बायकांची, बहिणींची नावे आपल्याला माहीत आहेत? ही नावे कोणत्या वहीने जपली नाहीत आणि कोणत्या थडग्याने जपली नाहीत. त्यांनी स्वतः अभंग रचले आणि त्यात आपले नाव घातले, म्हणून ती राहिली. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. ते नाव तिथवर पोचले ते घरच्यांच्या शब्दांवर.

दुसरा दगड भीमा कोरेगावचा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने उभारलेला. त्यावरच्या ४९ नावांपैकी २२ महार सैनिकांची आहेत. 'नाक' हा शेवट त्यांची ओळख सांगतो. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि तो दगड आमचा झाला. पण आपण हेही कबूल केले पाहिजे की तो उभारला कंपनीने, आपल्या विजयासाठी. ती आपली वंशावळ नव्हे. त्या २२ जणांच्या आया, बायका, लेकी त्यावर नाहीत. दर वर्षी लाखोंनी आपण तिथे जातो. त्यातल्या किती जणांना स्वतःच्या आजीचे माहेरचे गाव सांगता येईल?

साहेबाच्या दगडावर फार विसंबू नये, याचा आणखी एक पुरावा आहे. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी १९१७ मध्ये ब्रिटिशांनी आयोग नेमला. तत्त्व उत्तम होते. जात, हुद्दा, धर्म न पाहता प्रत्येकाला नावाने समान स्मारक. युरोपात बऱ्याच अंशी ते पाळले गेले. हिंदू-शीख सैनिकांचे दहन झाले, मुसलमानांना कबरी मिळाल्या आणि फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर भारतीयांची नावे कोरली गेली. पण आशिया-आफ्रिकेत काय झाले? बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आणि साध्या शिपायांची रेजिमेंटखाली नुसती संख्या. २०२१ मध्ये याच आयोगाच्या समितीने कबूल केले की भारतीय आणि आफ्रिकी मिळून ४५,००० ते ५४,००० मृतांना असमान वागणूक मिळाली आणि किमान १,१६,००० जणांचे, कदाचित ३,५०,००० जणांचे, नावाने किंवा अजिबातच स्मारक झाले नाही. समान दगडाचे तत्त्व छापणाऱ्यांनीही कोणाला नाव द्यायचे आणि कोणाला आकडा, हे ठरवून टाकले होते.

धर्म बदलला म्हणून भिंतही आपोआप पडत नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये भिंत उभी केलेली आहे. दोन्हीकडे क्रूस तोच, दगडही तसेच, आणि मध्ये जात. म्हणून आम्ही म्हणतो, नुसता दगड मिळवणे हा विजय नव्हे. तो कुठे मिळतो हेही पाहावे लागते.

'बुद्ध तर अनित्यता सांगतात'

आता आपल्याच लोकांकडे वळू. हा विषय काढला की आपल्यातले काही जण म्हणतात, "सगळे अनित्य आहे. मेलेल्यांची नावे आणि दगड कशाला? हे बुद्धांच्या विचारात बसत नाही." काही जण बावीस प्रतिज्ञांची आठवण देतात. मी श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण घेतली आहे.

प्रतिज्ञा घेतली आणि ती योग्यच होती. श्राद्धात काय असते? बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांतल्या पुरुषांचा नामोच्चार होतो आणि त्याच्या मोबदल्यात भटाला दक्षिणा जाते. पोटी मुलगा नसेल तर गती नाही, असा धाक असतो. बाबासाहेबांनी आपल्याला या धाकातून सोडवले. पण आपण एक चूक केली. श्राद्ध सोडताना नावे घेणेही सोडून दिले. भटाची दक्षिणा बंद करायची होती, पणज्याचे नाव बंद करायचे नव्हते.

आणि अनित्यतेचा दाखला देणाऱ्यांनी एकदा लोणावळ्याजवळ भाजे लेण्यांत जाऊन यावे. तिथे दगडात कोरलेल्या चौदा स्तूपांचा समूह आहे. ते कोणाचे आहेत? तिथल्या दिवंगत थेरांचे. त्यांतल्या काहींवर त्यांची नावे कोरलेली आहेत. मुंबईच्या कान्हेरीत जा. तिथेही डोंगराच्या एका कपारीत थेरांच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या स्तूपांची रांग सापडली आणि थेरांची नावे सांगणारे लेखही मिळाले. सांचीच्या तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांचे अस्थिअवशेष नावांसह मिळाले. अनित्यता ज्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होती, त्या भिक्खुसंघाने आपल्या मृतांची नावे दगडावर लिहून ठेवली, तीही याच महाराष्ट्राच्या डोंगरात, दोन हजार वर्षांपूर्वी.

लेण्यांतले दानलेखही वाचा. नुसते राजे-महाराजे नाहीत. सुतार आहे, लोहार आहे, गंधी आहे, भिक्खुणी आहे, गृहिणी आहे. अमक्याचा मुलगा, अमक्याची बायको, आपल्या लेकरांसह दान देते, असे नातेसंबंध स्पष्ट लिहिलेले आहेत. सातवाहन राजे तर आईच्या नावाने ओळखले जातात. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या मातेचा लेख आहे. रामकुंडावरच्या वहीपासून ते लेणे थोड्याच अंतरावर आहे. एका ठिकाणी बापाचे नाव चालते, दुसरीकडे आई स्वतः बोलते. आपला वारसा कुठला, हे आपणच ठरवायचे आहे.

राजे शोधू नका

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "बाबासाहेबांना जात मोडायची होती. तुम्ही कुळ-वंशाच्या मागे का लागता?" हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला आहे.

कुळाचा अभिमान आणि पूर्वजांचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभिमानवाला आपल्या मुळाशी राजा शोधतो. आपल्यातही हा रोग आहे. कोणी आपल्याला सोमवंशी क्षत्रिय ठरवतो, कोणी कुठल्यातरी राजघराण्याशी धागा जोडतो, कोणी पैसे देऊन रंगीत वंशवृक्ष बनवून घेतो आणि दिवाणखान्यात लावतो. त्यात मधल्या दोनशे वर्षांत कोणीच मेलेले जनावर ओढले नाही, कोणीच येसकरकी केली नाही, कोणी गिरणीत राबले नाही! हे आमच्या मते आजा-पणज्यांचा अपमान करणे आहे. त्यांची लाज वाटते म्हणून त्यांच्या जागी राजा बसवायचा.

आम्हाला राजा नको. आम्हाला तो माणूस हवा जो खरोखर होता. त्याचे नाव, त्याचे गाव, त्याने कोणते काम केले, कधी गाव सोडले, कोणत्या गिरणीत किंवा रेल्वेत लागला, कोणत्या सभेला गेला, दीक्षा कधी घेतली. अशी वंशावळ जात जपत नाही. ती जातीच्या विरुद्ध साक्ष देते.

आणि ही साक्ष आज पोटापाण्याशीही जोडलेली आहे. अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. म्हणजे आजचा विशीतला मुलगा पणजोबांच्या कागदावर उभा राहतो. ज्याच्या घरात कागद नाही, नाव माहीत नाही, त्याचा प्रवेश अडकतो, नोकरी अडकते. कुटुंबाचा इतिहास हा निवृत्त लोकांचा विरंगुळा असेल तर तो दुसऱ्यांच्या घरी. आपल्या घरी तो हक्काचा प्रश्न आहे.

कुठे शोधायचे

दगड नसला म्हणून कागद नाही असे समजू नका. ज्या व्यवस्थेने आपल्याला राबवले, तिनेच आपली नोंद ठेवली आहे.

पहिली जागा म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात नोंदवलेले असतात, जातीसह. अनेक घरांतल्या पणजोबांच्या मृत्यूची एकमेव लिखित खूण तिथे आहे. जुनी पाने मोडीत असतात. तरुणांनो, मोडी शिका. २०२३ नंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा सगळी सरकारी यंत्रणा याच दप्तरांत उतरली, मोडी वाचणारे शोधले गेले. दप्तर वाचता येते, सापडते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. आपल्यासाठी यंत्रणा उतरणार नसेल तर आपण उतरू.

दुसरी जागा जमिनीच्या कागदांची. महार वतन १९५८ च्या कायद्याने रद्द झाले. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध १९२८ मध्येच विधेयक आणले होते. ते वतन गुलामीचे होते, पण त्याची दप्तरे आज आपल्या कामाची आहेत. वतनदार मेला की वारसांची नावे लागत. जुने सातबारे, फेरफार आणि वारसांची ६-क नोंदवही पाहिली की कोण कधी वारला आणि मागे कोण राहिले हे कळते.

तिसरी जागा शाळेचे जनरल रजिस्टर. चौथी, गिरणी, रेल्वे, बंदर, नगरपालिकेतले सेवापुस्तक आणि सैन्यातले पेन्शनचे कागद. पाचवी आणि सर्वांत आधी गाठायची जागा म्हणजे घरातली सर्वांत म्हातारी बाई. तिला आधी तिचेच माहेरचे नाव विचारा. मग तिच्या आईचे, सासूचे, सासूच्या सासूचे. ती सांगेल ते फोनवर रेकॉर्ड करा. कागद शंभर वर्षे टिकेल, ती पुढच्या पावसाळ्यात असेलच असे नाही.

शोधताना हेही ध्यानात ठेवा की जुन्या कागदात नाव 'नाक' शेवटाचे असेल, पुढच्या कागदात गावावरून आडनाव आलेले असेल. १९५६ आधी जात 'महार' असेल, नंतर 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' असेल. ती एकाच घरातली माणसे आहेत.

आमच्या मागण्या

पहिली मागणी सरकारकडे आणि गावाकडे. 'एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान' असे आवाहन सरसंघचालक मोहन भागवत वारंवार करतात. गावात स्मशाने वेगळी आहेत, याची त्यात कबुली आहे, तेवढ्यापुरते आम्ही आभारी आहोत. पण हा आवाहनाचा विषय कधीपासून झाला? नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आहे आणि स्मशान, दफनभूमी वापरू न देणे हा त्यात गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने तो स्पष्ट लिहिला आहे. गुन्ह्याबद्दल गुन्हेगाराला विनंती करत नाहीत, गुन्हा नोंदवतात. ज्या गावात आपल्या प्रेताची वाट अडवली जाते तिथे तक्रार झाली पाहिजे. ज्या गावात आपली जुनी दफनाची जागा आहे तिची मोजणी आणि नोंद ग्रामपंचायतीकडून करून घेतली पाहिजे, नाहीतर उद्या ती कोणाच्या तरी प्लॉटमध्ये जाईल आणि आपले पूर्वज कोणाच्या तरी पार्किंगखाली.

दुसरी मागणी आपल्याच माणसांकडे. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आपण तास-तासभर भाषणे ऐकतो. पुढाऱ्यांची नावे घेतो, मंडळांची नावे घेतो. मृत माणसाच्या आईचे नाव मात्र घेत नाही. आम्ही सुचवतो की प्रत्येक पुण्यानुमोदनात त्या माणसाचा जीवनवृत्तांत वाचला जावा. त्यात आई-वडिलांची आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे, मूळ गाव, काम आणि चळवळीतला वाटा असावा. तो कागद विहाराच्या वहीत चिकटवावा. वीस वर्षांनी ती वही त्या वस्तीची वंशावळ होईल आणि तिच्यासाठी कोणाला दक्षिणा द्यावी लागणार नाही.

तिसरी, आपण दहन करतो, म्हणून थडग्याचा दगड आपल्याला शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. पण विहाराच्या एका भिंतीवर साधा नामफलक लावता येतो. सगळ्यांचा एकच आकार, एकच अक्षर. नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, गाव, साल. सरपंचाचा मोठा आणि सफाई कामगाराचा छोटा असे करायचे नाही. फ्लेक्सवर आपण जेवढा खर्च एका जयंतीला करतो त्यातला थोडा बाजूला काढला तरी हे होईल.

त्या कचेरीतल्या गृहस्थांना आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. मुलाचा अर्ज भरायचा होता. शेवटी गावाकडच्या म्हातारीला पणजीचे नाव आठवले. शपथपत्रात त्याला रकाना नव्हता. मुलाने ते आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. तुमच्या घरातली वही आज उघडा. पहिल्या पानावर तुमच्या पणजीचे नाव लिहा. माहीत नसेल तर आजच फोन करा.

जय भीम! नमो बुद्धाय!